‘सही करून नेला’

दवाखान्यात रोज वापरला जाणारा एक शब्द मराठी शब्दकोशात सापडत नाही : ‘डामा’. डॉक्टरांचा सल्ला डावलून घेतलेली सुट्टी, असा त्याचा अर्थ. इंग्रजी आद्याक्षरांतून तो तयार झाला. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगते, “पाच नंबरचा पेशंट डामा झाला.” काही ठिकाणी त्यालाच ‘लामा’ म्हणतात. पेशंट न सांगता, सही न करता निघून गेला तर केसपेपरवर ‘अ‍ॅबस्कॉन्ड’ असा शेरा पडतो. घरची माणसे यातला एकही शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, “सुट्टी करून घेतली,” नाहीतर “सही करून नेला.”

अशा घटनेनंतर दोन वाक्ये ठरलेली असतात. डॉक्टर म्हणतात, “सांगून ऐकलेच नाही.” घरचे म्हणतात, “तिथे कोणी काही सांगतच नव्हते.” दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा खरी असतात, आणि रुग्णाचा जीव त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत अडकलेला असतो. कोरोनाच्या साथीत ही जागा फार रुंद झाली. ती का रुंद झाली आणि कशाने भरून निघेल, हे साथ सरल्यानंतर शांतपणे समजून घ्यायला हवे. कारण पुढची साथ येईल तेव्हा त्यासाठी वेळ नसेल.

आर्णीहून निघणारी वाट

ही जागा जवळून पाहण्यासाठी आर्णीपासून सुरुवात करू. आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले, अरुणावतीच्या काठचे तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे दूरदूरच्या लोकांना ते ठाऊक आहे. नागपूर–तुळजापूर महामार्गावरून यवतमाळ इथून चाळीसेक किलोमीटरवर. तालुक्यात लोणबेहळ, सावळी सदोबा, जवळा अशी मोठी गावे आहेत, तसे बंजारा समाजाचे तांडे आणि कोलामांचे पोडही आहेत. बहुतेकांचे पोट कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शेतीवर किंवा त्या शेतीतल्या मजुरीवर चालते.

इथल्या माणसाचे दुखणे वाढले की उपचाराची वाट पायरीपायरीने चढावी लागते. आधी उपकेंद्र किंवा गावातला डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग आर्णीचे ग्रामीण रुग्णालय. तिथे झेपत नसेल तर ‘रेफर’. म्हणजे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. तिथूनही पुढे जायचे झाले तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टर असतो आणि ती पैसे घेत नाही. पण गाडी माणसाला पुढे नेते तेव्हा त्याच्यासोबत घरची चिंताही गाडीत बसते. प्रत्येक पायरीवर नवा केसपेपर, नवी रांग, नवे अनोळखी चेहरे. आणि प्रत्येक पायरीवर घरच्यांसमोर तोच प्रश्न असतो : पुढे न्यायचे की घरी न्यायचे?

शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतून माणूस उठून गेला तर निदान रजिस्टरमध्ये नोंद होते. ग्रामीण भागात उपचार सुटतात ते या पायऱ्यांच्या मधल्या सांध्यांवर. ‘यवतमाळला न्या’ असे लिहिलेली चिठ्ठी खिशात घालून घरी परतणे हाही डामाच आहे. पण खालच्या दवाखान्याच्या लेखी तो पुढे पाठवलेला असतो, वरच्या दवाखान्याच्या लेखी तो आलेलाच नसतो. त्याची नोंद कुठेच होत नाही.

साथीत काय घडले

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडून आठवडाही झाला नव्हता. १३ मार्च २०२०च्या रात्री नागपूरच्या मेयो रुग्णालयातून पाच संशयित रुग्ण निघून गेले. एकाचा अहवाल निगेटिव्ह आला होता, चौघांचा यायचा होता. पोलिसांनी त्यांना शोधून काढले. बातमी देशभर गेली आणि ‘पळालेले रुग्ण’ असा शिक्का बसला. त्यांच्या बाजूने क्षणभर विचार करून पाहावा. आपल्याला हा आजार आहे की नाही हे ठाऊक नाही. पण ज्यांना तो असू शकतो अशांच्या वॉर्डात आपल्याला ठेवले आहे. अहवाल कधी येणार ते कोणी नक्की सांगत नाही. बाहेर राहण्यापेक्षा आत राहण्यातच धोका जास्त, असे एखाद्याला वाटले, तर त्याला निव्वळ बेजबाबदार म्हणून सोडून देता येत नाही.

वर्षभरानंतर हीच गोष्ट आर्णीच्या शेजारी घडली. फेब्रुवारी २०२१मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात सर्वांत आधी लागली ती अमरावती, अकोला आणि यवतमाळ या पट्ट्यात. एप्रिलमध्ये घाटंजी तालुक्यातल्या आमडी गावचे २० बाधित लोक घाटंजीच्या कोविड केअर सेंटरमध्ये आणल्यानंतर तिथून निघून गेले. एकाच गावचे २० जण एकत्र उठतात, तेव्हा तो एकट्यादुकट्याचा हट्ट राहत नाही. गावाने मिळून घेतलेला तो निर्णय असतो आणि त्यामागे गावाने मिळून बाळगलेली भीती असते.

साथीला दुसरी बाजूही होती. लोक दवाखान्यात यायलाच घाबरू लागले. अमेरिकेत मार्च २०२०च्या अखेरपासून चार आठवड्यांत आपत्कालीन विभागांत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटली. तेवढ्या काळात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात काही इतके कमी झाले नव्हते. माणसे घरीच थांबली होती. जे आले, त्यांतलेही काही लवकर निघून गेले. न येणे आणि येऊन निघून जाणे, दोन्हींचे मूळ एकच : दवाखान्याची भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती.

भीती कशाकशाची

ही भीती उगाच नव्हती. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि २२ रुग्णांचा जीव गेला. दोन दिवसांनी विरारच्या खाजगी रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली. या बातम्या आर्णीच्या बसस्थानकावरही त्याच दिवशी मोबाइलवर पाहिल्या जात होत्या. त्यांच्या जोडीला ‘दवाखान्यात किडनी काढून घेतात’ अशा निखालस खोट्या अफवाही होत्या. खरे आणि खोटे एकाच पडद्यावर, एकाच आवाजात येत होते.

दुसरी भीती एकटेपणाची. आपल्याकडे आजारी माणूस कधी एकटा दाखल होत नाही. सोबत कोणीतरी असते. ते औषध आणते, डबा आणते, रात्री खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपते, सलाईन संपत आले की सिस्टरला हाक मारते. साथीने हा माणूसच दवाखान्यातून काढून टाकला. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यक होते. पण त्याचे काम कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्यातच मृत्यू झाला तर चेहराही दिसत नाही आणि अंत्यसंस्कारही परके लोक करतात, हे लोकांनी पाहिले होते. म्हातारी माणसे म्हणत, “मरायचेच असेल तर घरी मरू.” त्या म्हणण्यात उपचारांना नकार कमी असायचा आणि आपल्या माणसांत राहण्याची इच्छा जास्त.

तिसरी भीती खर्चाची. २१ मे २०२०च्या आदेशाने राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले : साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. त्याच महिन्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व नागरिकांसाठी खुली झाली. या दोन्ही गोष्टी ज्याला वेळेवर कळल्या त्याच्या उपयोगी पडल्या. ज्याला कळल्या नाहीत तो पहिल्या दिवसाचे बिल पाहून दहाव्या दिवसाचा हिशेब मनात करत राहिला आणि तिसऱ्या दिवशी सुट्टी मागू लागला.

चौथे कारण घराचे. बैलांना चारापाणी कोण करणार, पेरणीच्या तोंडावर बियाण्याचे काय, लहान पोर कोणाजवळ? बाईमाणूस दाखल झाली की या प्रश्नांची धार आणखी वाढते. मे २०२१मध्ये राज्याने यवतमाळसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून बाधितांना केंद्रात ठेवायचे ठरवले. साथरोगाच्या दृष्टीने त्यामागे तर्क होता, पण तेव्हा मृग नक्षत्र पंधरा दिवसांवर आले होते. शेतकऱ्याच्या घरी वर्षाचा सगळा हिशेब त्याच दिवसांत मांडला जातो.

पाचव्या कारणाबद्दल क्वचितच कोणी मोकळेपणाने बोलते : व्यसन. यवतमाळ जिल्ह्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची सवय किती खोल आहे, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून निघालेला पेशंट कित्येकदा पानठेल्यापर्यंत जातो आणि पुढे परततच नाही. दारूचे प्रकरण याहून गंभीर आहे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की काही तासांत हात कापू लागतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ते खाटेवरून उठून धावू लागतात. घरच्यांना वाटते, दवाखान्यात आणून माणूस वेडा केला. ही उपचार करता येणारी अवस्था आहे, पण त्यासाठी दाखल करतानाच ‘हा रोज पितो’ हे डॉक्टरांना सांगावे लागते. लाजेपोटी ते लपवले जाते आणि तिसऱ्या रात्री पेशंट निघून जातो.

बरे वाटणे आणि बरे होणे

आता शरीराची बाजू. सुट्टी मागताना सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “आता बरं वाटतंय.” ते खोटे नसते. पण बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टींत काही तासांचे, काही दिवसांचे अंतर असते, आणि धोका नेमका त्या अंतरात असतो.

कोरोनात हे अंतर फसवे होते. श्वास लागल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना त्यामानाने फार उशिरा मिळते. कोरोनाने सुजलेल्या फुप्फुसांतून ऑक्सिजन आत जाणे अवघड होई, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राही. म्हणून ऑक्सिजनची पातळी ८५वर आलेला माणूस मोबाइलवर बोलत बसलेला दिसे. पातळी ९४च्या वर असेल तर निश्चिंती असते. पण ९०च्या खाली उतार तीव्र होतो : तिथून पुढे फुप्फुसे थोडी जरी आणखी बिघडली तरी रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. त्यातच अनेकांची प्रकृती पहिल्या आठवड्यात ठीक राहून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ढासळत असे. ताप उतरला म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी घरी गेलेला माणूस अशा वेळी दवाखान्यापासून दूर असायचा.

आणि दवाखान्यात त्याला देण्यासारखे काही होते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. म्हणजे औषध कोणाला, कधी द्यायचे हे ठरवायला रोज पाहणारे कोणीतरी हवे होते. ‘तिथे नुसते झोपवून ठेवतात’ असे ज्याला वाटत होते, त्याला हे समजावून सांगायला वॉर्डात सवड नव्हती.

हा फसवा काळ केवळ कोरोनापुरता नाही. आर्णीच्या परिसराला तो अन्य दुखण्यांतही रोज भेटतो. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की सुरुवातीचा घाम, लाळ, उलट्या औषधाने आटोक्यात येतात. पण पुढच्या एक ते चार दिवसांत काही रुग्णांची मान उचलेनाशी होते आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. मण्यार चावली तर वेदना जवळजवळ नसते, सूजही नसते, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास थांबू शकतो. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येऊन चहा पितो आणि कवटीच्या आत रक्त साचत गेल्याने काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो. ‘निरीक्षणाखाली ठेवू’ या रुक्ष शब्दांचा खरा अर्थ असा : आत्ता दिसत नाही ते दिसायची वाट पाहू, आणि दिसले की लगेच हात देऊ.

आणखी एक गोष्ट. रक्तातला ऑक्सिजन घटला, ताप मेंदूत गेला किंवा विष चढले की निर्णय घेण्याची शक्तीच मंदावते. असा माणूस मास्क काढून फेकतो, सुई उपटतो, घरी जायचा हट्ट धरतो. तो हट्ट त्याचा राहिलेला नसतो, आजारच त्याच्या तोंडून बोलत असतो. अशा वेळी ‘त्याची इच्छा’ म्हणून त्याला जाऊ देणे हे इच्छेचा मान राखणे ठरत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीची तीच भीती

हे सगळे महाराष्ट्राने आधी एकदा पाहिले आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. लगेच सक्तीने रुग्णालयात नेणे सुरू झाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण आत गेलेला माणूस परत येत नाही असे शहरभर बोलले जात होते. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच महिन्यांत, त्याच पुण्यात आणखी एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्यांचे निधन झाले. रोग तोच, शहर तेच, उपचार दोन्हीकडे तोकडेच. पण एका ठिकाणी माणसाला बंदुकीच्या धाकाने नेले जात होते आणि दुसऱ्या ठिकाणी पाठीवर घेऊन. लोक कशापासून लपले आणि कशाकडे आले, हे इतिहासाने आपल्यासमोर ठेवले आहे.

कायदा काय म्हणतो

एरवी शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा आणि सुट्टी घेण्याचा हक्क आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये रुग्णाची संमती ही उपचारांची पूर्वअट असल्याचे स्पष्ट केले. संमतीला अर्थ असेल तर नकारालाही असतो. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. आणि तातडीची मदत नाकारताही येत नाही, हे परमानंद कटारा प्रकरणात १९८९पासून ठरलेले आहे.

साथीत या हक्काला मर्यादा पडते, कारण जाणाऱ्याबरोबर संसर्गही जातो. साथरोग कायदा आणि जीवघेणा संसर्ग पसरवण्याविरुद्धची फौजदारी कलमे तेव्हा लागू होतात. ही मर्यादा योग्य आहे. मात्र ज्याचा हक्क आपण सर्वांच्या भल्यासाठी आखडता घेतो, त्याच्याबाबतची आपली जबाबदारी त्या प्रमाणात वाढते. थांबायला लावायचे असेल तर थांबण्याजोगी जागा द्यावी लागते : स्वच्छ संडास, पोटभर जेवण, अहवालाची नेमकी वेळ, घरच्यांशी बोलण्याची सोय.

‘माझ्या जबाबदारीवर नेत आहे’ या सहीबद्दलही दोन्ही बाजूंचा गैरसमज आहे. ती सही डॉक्टरांचे काम संपवत नाही. धोका काय, पर्याय काय, परत कधी यायचे हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले का, हा प्रश्न सहीनंतरही उरतोच. आणि सही केली म्हणून रुग्णाचा परत येण्याचा हक्क जात नाही. ‘तेव्हा सही करून गेला होता, आता कसा आला?’ हे वाक्य कोणत्याही दवाखान्याच्या दारात उच्चारले जाऊ नये.

‘निघून गेला’ हा शेराही जपून मारायला हवा. जून २०२०मध्ये जळगावच्या जिल्हा रुग्णालयातून ८२ वर्षांची एक बाधित आजी बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टर निलंबित झाले. पण ती आजी कुठेही गेलेली नव्हती. जो खाटेवर नाही तो पळाला, असे गृहीत धरण्याआधी शोधावे लागते, हे तिच्या मृत्यूने शिकवले.

कशाने माणूस थांबतो

विदर्भातच याचे एक उत्तर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोकांनी मोठ्या इमारतींची, पांढऱ्या कपड्यांची, आपल्या माणसापासून तोडले जाण्याची भीती सांगितली. पांढरे कापड तर मृताच्या अंगावर घालतात, असे ते म्हणाले. मग शोधग्रामातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले, नातेवाइकांना सोबत राहण्याची सोय झाली. भीतीचे कारण विचारले आणि ते कारणच काढून टाकले.

साथीच्या धामधुमीत झोपड्या बांधता येत नाहीत, पण विचारता येते. सुट्टी मागणाऱ्याला पहिला प्रश्न ‘का?’ असा, आवाज न चढवता. उत्तर बहुधा साधे निघते. घरी फोन लावून दिला, योजनेचे कागद कुठे करायचे ते दाखवले, खर्ऱ्याची तलफ ओळखून त्यावर उपाय केला, ‘उद्या सकाळी दहा वाजता पुन्हा ठरवू’ असे ठोस सांगितले, तर बरेच जण थांबतात. काही कोविड रुग्णालयांनी व्हिडिओ कॉल सुरू केले, तेव्हा वॉर्डातली अस्वस्थता कमी झाली. बंजारा आजीशी तिच्या गोरमाटी बोलीत चार शब्द बोलणारे कोणी असेल, तर त्याचे मोल औषधाएवढे असते.

आणि तरीही जो जातो, त्याच्यामागे धागा सोडायला हवा. १५ सप्टेंबर २०२०ला सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. दवाखान्यातून आज कोण गेले, हे त्याच संध्याकाळी गावच्या आशाताईला कळले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लागू शकतो. यासाठी नवे यंत्र नको, एक फोन पुरे.

सुट्टी मागण्याआधी

वाचकांपैकी बहुतेकांवर कधी ना कधी ही वेळ येते. तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. नेमका आजार काय आहे? आत्ता घरी नेले तर पुढच्या दोन दिवसांत काय होऊ शकते? अजून साधारण किती दिवस लागतील? खर्च किती आणि कोणती योजना लागू होते? सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये, म्हणजे आर्णीसारखी ग्रामीण रुग्णालयेही, १५ ऑगस्ट २०२३पासून निःशुल्क आहेत. उपचारांबद्दल शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे, तो मागावा. खर्च झेपत नसेल तर घरी न नेता सरकारी दवाखान्यात पाठवण्याची विनंती करावी.

न्यायचेच ठरले तर रिकाम्या हाताने नेऊ नये. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद, चालू औषधांची चिठ्ठी मागून घ्यावी. कोणते लक्षण दिसले की लगेच परत आणायचे, ते लिहून घ्यावे : श्वास लागणे, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे, जास्त झोपाळू होणे, लघवी कमी होणे. रात्री जागे राहून कोण पाहणार, ते निघण्याआधी ठरवावे. आणि परत आणायला लाजू नये. अर्धवट सुटलेला उपचार पुन्हा जोडता येतो, फक्त वेळेत यावे लागते.

सुट्टी मागणारा माणूस उपचारांचा शत्रू नसतो. आजाराहून मोठी वाटणारी एखादी काळजी त्याला दाराकडे ओढत असते. ती काळजी ओळखणे हे उपचारांचेच काम आहे आणि ते डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि घरचे सगळे मिळून करू शकतात. म्हणून दोघांनाही एवढीच विनंती : डॉक्टरांनो, सहीचा कागद पुढे करण्याआधी एकदा ‘का’ विचारा. आणि घरच्यांनो, सही करण्याआधी एकदा ‘पुढे काय होईल’ ते विचारा.